घंटेची जीभ

(तोंका कासविणीच्या तपासवहीतून)

पत्र आलं शुक्रवारी. ओलसर. माशांचा वास.
"लुंडेय बेट, उत्तर नॉर्वे.
चर्चच्या घंटेची जीभ चोरीला गेली आहे.
दोर ओढते, घंटा हलते, आवाज येत नाही.
ताबडतोब या. पाद्री इंगेब्योर्ग."

झ्वोन्को मुंगसाने शेपूट फुलवली. "चल, निघू!"
मी म्हटलं, "थांब, घर आवरते."
"घर तुझ्या पाठीवर आहे."
"अगं बाई, हो की."

म्ल्येत बेटावरून बोट, मग रेल्वे, मग रेल्वे, मग पुन्हा बोट
(शेवटच्या बोटीत मी बटाट्यांच्या टोपलीत, बटाटा म्हणून).
अकराव्या दिवशी पोचलो:
आठ लाल घरं, एक पांढरं चर्च,
आणि सूर्य, जो मावळायचं नावच घेईना.

"रात्र कुठाय इथली?" झ्वोन्को वैतागला.
"अंधार नाही तर पाळत ठेवू कशी? दबकू कुठे?"
मी मान आत घेतली.
माझा अंधार मी सोबत बाळगते.

साक्षीदार पहिला, हाल्वार, होड्या दुरुस्त करतो.
त्याच्या हातोड्याने लोकरीची टोपी घातली होती.
"घंटा?" तो कुजबुजला. "कसली घंटा?"
दुसरी बोर्गहिल्ड, पाव भाजते.
भट्टीचं दार तिने असं लोटलं, जणू आत बाळ निजलंय.
तिसरा स्नोरे कुत्रा.
भुंकायला तोंड उघडलं, काहीतरी आठवलं,
आणि भुंकण्याची जांभई करून टाकली.
पोरं मोज्यांवर लंगडी खेळत होती.
एक पडलं, गुडघा फुटला,
ते धावत घरी गेलं आणि उशीत तोंड खुपसून रडलं.

त्या उशीवर गंजाचा डाग होता.
शेजारच्या घरातल्या उशीवरही.
आठ घरं, आठ उशा, आठ डाग.

झ्वोन्कोला यमकं जुळवल्याशिवाय विचार सुचत नाही:
"गंज उशीला, टोपी हातोड्याला,
कुलूप कुणी लावलं कुत्र्याच्या ओरडण्याला?
तोंका! चोराला आठ डोकी!"
"किंवा आठ पाय."
"म्हणजे कोळी!"
"म्हणजे गाव," मी म्हटलं. "रोज एका घरी मुक्कामाला जाते ती जीभ."
"पण का?"
ते मला अजून ठाऊक नव्हतं.

घंटा चर्चशेजारी, लाकडी चौकटीत, नऊ पायऱ्यांवर.
झ्वोन्को एका उडीत वर गेला, एका उडीत खाली आला.
"काही नाही तिथे. गवत आहे."
मला सकाळपासून संध्याकाळ लागली
(संध्याकाळ घड्याळात; आभाळात सकाळच).
तिसऱ्या पायरीवर राखाडी पिसू, धुरासारखं हलकं.
पाचवीवर दोन.
आठवीवर माझं नाकच रुतलं त्यात.
आणि नवव्या पायरीवर, घंटेच्या बरोबर खाली,
गवतातून एक काळा डोळा माझ्याकडे बघत होता.

आयडर बदक. पोटाखाली पाच अंडी.
एक टोला पडला असता, की उडाली असती;
उडाली असती, की अंडी गार.

इंगेब्योर्ग बाई वसंतात बर्गनहून आलेल्या, नव्या.
बूट जड, मन चांगलं, आवाज मोठा.
त्यांना सांगायला गाव घाबरलं:
आनंदाने "अय्या!" म्हणतील, आणि झालं!

आम्ही त्यांना रात्री बारा वाजता उन्हात नेलं.
त्यांनी बघितलं.
"अ" आला होता ओठांवर. गिळला.
मग पायरीवर बसून एकेक बुटाची नाडी सोडली.

अहवाल.
चोर: सापडले नाहीत.
जीभ: योग्य वेळी परत येईल.
फी: एक उशी, बदकाने टाकलेल्या पिसांची. हिवाळ्यात मी तिच्यावर निजेन.

परतीच्या बोटीत झ्वोन्को गप्प गप्प.
"आमच्या भाषेत माझ्या नावात घंटा आहे," तो अखेर म्हणाला.
"माहीत आहे."
"मी खूप बोलतो का गं?"

मी बटाटा होते. बटाटे उत्तर देत नाहीत.