बारा की चोवीस

गोदामात एक रीळ पडून आहे, नारिंगी.
शाळेच्या जुन्या कामातलं उरलेलं, दोन हजार मीटर.
नगरपालिकेचे ओद्वार म्हणतात, हेच घाला,
कमी पडलं तर याच जातीचं मागवा.
फुकट ते पौष्टिक.
मी म्हणते, ओद्वार, दवाखाना एकोणीस किलोमीटरवर आहे.

नारिंगीची काच ऐसपैस.
प्रकाश तिच्यात शिरतो तो जत्रेला निघाल्यासारखा:
कोणी नाकासमोर चालतो,
कोणी भिंतींना धडकत, वळसे घेत.
शाळेच्या आवारात ठीक आहे, सगळे एकदमच पोचतात.
पाचव्या किलोमीटरला मात्र
आधी निघालेल्याचा शेवट आणि मागून निघालेल्याची सुरुवात
एकमेकांत कालवली जाते,
आणि डॉक्टरांच्या पडद्यावर हृदयाऐवजी
गिचमीड उमटते.

पिवळी घ्या.
नऊ मायक्रॉनची वाट.
केस उभा चिरून त्याचे आठ भाग करा, त्यातला एक.
तिथे एकाच चालीला जागा आहे.

पिवळीची यंत्रं महाग, तेही ओद्वार मानतात,
कपाळाला हात लावून, पण मानतात.
मग जमीन.

आस्लाक खिडकीशी बसून
रेनडियरचं सुकं मांस चाकूनं तासतोय.
याच फ्योर्डच्या काठानं चाळीस वर्षं
त्यानं टेलिफोनचं तांबं ओढलं.
वर न बघता म्हणतो, नळीत पाणी राहू देऊ नकोस.
नोव्हेंबरात ते फुगतं
आणि तुझी काच मुठीत धरतं.
लाइन मुकी होते.
मे महिन्यात आपोआप बोलायला लागते.
तोवर तू तीन ठिकाणी रस्ता खणलेला असतोस,
आणि सापडलेलं काहीच नसतं.

आणि लेमिंग?
लेमिंगला सगळं चालतं.

म्हणून दलदलीच्या पट्ट्यात पोलादी कवच लिहिलं.
टेकडीवर मात्र विजेच्या खांबांवरूनच जायचंय,
तिथे धातूचा कणही नको.
तिथे कवच उतरवून, नुसत्या धाग्यांच्या बळावर
लोंबकळायचं, वारा खात, बर्फ पेलत.
एका वाटेला दोन स्वभाव.
जोडाच्या डब्यापाशी वीस मीटर वेटोळं जास्तीचं ठेव, आस्लाक सांगतो,
पुढे कोणीतरी चुकणार आहे.
बहुतेक तूच.

शेवटचा रकाना: तंतू किती.
आज लागतात चार.
मी चोवीस लिहिलेत.
ओद्वार चष्मा काढतात. कुणासाठी?
गावात माणसं एकसष्ट.
शाळेत मुलं सात, जूननंतर पाच.
बारा बस्स झाले.

मी हिशेब मांडते: खणणं महाग, काच स्वस्त,
बारा आणि चोवीस यांत फरक
तुमच्या बोटीच्या एका महिन्याच्या डिझेलचा.
हिशेब बरोबर आहे.
पण त्यांनी विचारलं होतं, कुणासाठी,
आणि त्याला हिशेब हे उत्तर नव्हे, हे मलाही कळतं.

चाकू थांबलाय.
दोन हिवाळ्यांपूर्वी, वादळात,
रिस्तिनच्या छातीला नर्सनं तारा चिकटवल्या होत्या.
आलेख अर्धा गेला आणि अडकला.
ते तांबं आस्लाकचं होतं.
त्यावर कोणी कधी बोललं नाही,
आजही बोलत नाही.
तो चाकू मिटतो, मांसाचा एक तुकडा ओद्वारपुढे सरकवतो,
एक माझ्यापुढे.

ओद्वार चावत राहतात. सुकं मांस, वेळ लागतो.
मग सही करतात.

नारिंगी रिळातले ऐंशी मीटर
शाळेच्या कपाटापासून वर्गापर्यंत लागतील.
बाकीच्या रिळावर कॉफीचे पेले ठेवलेत, बरं टेबल झालंय.

संध्याकाळी एकटीच बसून नकाशावर नोंदी करते.
चार तंतूंना नावं आहेत: दवाखाना, शाळा, बंदर, दीपगृह.
उरलेले वीस अंधारात पुरले जातील,
कदाचित माझ्या हयातीत उजळणारही नाहीत.
त्यांना नुसते रंग.
करडा, पांढरा, तांबडा, काळा,
पिवळा, जांभळा, गुलाबी, मोरपंखी.
दुसऱ्या नळीत
पुन्हा निळ्यापासून सुरुवात.