अडीच फूट

फार्मसीचं शटर ओढताना मागून कुणीतरी मनगट धरलं,
फोंड्याला, वरच्या बाजारात, रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी,
आणि मी म्हणाले,
"अहो, दुकान बंद झालं."
अहो!
वळणावरून एक ट्रक आला, उजेड पडला, तो गेला.
दिसला फक्त अंगठा, नख उभं चिरलेलं.
तो "अहो" मात्र महिनाभर उशाशी बसून होता.

मग शिकायला निघाले. वय त्रेचाळीस, डावा गुडघा कुरकुरणारा.

कराटे : चर्चच्या हॉलात, मेल्विन सरांकडे.
माझ्या रांगेत सगळी पाचवीतली पोरं.
इच, नी, सान. तीन महिने मी हवेला बेदम मारलं.
विचारलं, सर, मनगट धरलं तर?
म्हणाले, ते तपकिरी पट्ट्यात येतं.

ज्यूदोत आधी पडायला शिकवतात.
हे प्रामाणिक वाटलं.
हनुवटी छातीला, तळवा गादीवर सपकन,
आणि सत्तेचाळीस किलोच्या सुचेता वेर्लेकरनं
मला तांदळाच्या पोत्यासारखी पाठीवरून टाकली.
छान. पण बाजारात गादी कुठून आणू?
तिथं चिऱ्याची पायरी आहे, झाकण नसलेलं गटार आहे.

पणजीत, हॉटेलात, दोन दिवसांचं क्राव मागा,
जेवणासकट साडेतीन हजार.
डोळे, गळा, जांघ. डोळे, गळा, जांघ.
दया करू नका, शिक्षक ओरडला,
आणि माझ्या जोडीतली बँकेतली बाई
हात वर असतानाच रडू लागली.
तिच्या समोरचा चेहरा घरातला होता.
शिक्षकानं पाणी दिलं. पुढचा डाव दाखवला.

शेवटी इनास. जुना तारवटी, नाक दोनदा मोडलेलं,
हार्डवेअरच्या दुकानावर माडी, छताला एकच बॅग टांगलेली.
पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या गालावर हलकेच एक ठेवून दिली.
"पळय, मेली ना तूं."
खरंच, नव्हते मेले.
मग खडूनं जमिनीवर दोन रेघा ओढल्या :
"बाये, ठोसो मागीर. पयलीं अंतर."
अडीच फूट. त्याच्या अलीकडे कुणी आला
की मागे सरायचं, नाहीतर बोलायचं, पण गप्प राहायचं नाही.

गेल्या मंगळवारी काउंटरवर चिठ्ठी सरकली.
मुलीला तीन दिवस ताप, अँटिबायोटिक.
चिठ्ठीवर अंगठा. नख उभं चिरलेलं.

अंगात सगळे क्लास एकदम भरले,
गुडघा, हनुवटी, डोळे गळा जांघ, इच नी सान,
कुणीच कुणाला पुढे जाऊ देईना.
काउंटर मी टेपनं मोजलेला आहे.
अडीच फुटांना दोन बोटं कमी.
एक पाऊल मागे घेतलं, रजिस्टर उघडलं.
"नाव?"
"मुलीचं?"
"तुझं."

हळू नाही म्हणाले. खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या
दोन बायका वळल्या.
त्यानं सांगितलं. पत्ताही सांगितला, ढवळीचा.
मी लिहिला, खाली रेघ ओढली.
"नख कशानं चिरलं?"
तेव्हा त्यानं वर पाहिलं.
"पाच मिली, दोन वेळा, पाच दिवस.
अर्ध्यात सोडू नकोस. पोरीचा काय दोष."

उरलेले अकरा रुपये न घेताच गेला.
मग मी सलाईनच्या खोक्यावर बसले,
आणि पाय असे थरथरले
की त्याला कुठल्याच पट्ट्यात नाव नाही.

ढवळीचा पत्ता चौकीवर दिलाय. हवालदारानं लिहून घेतला,
निदान पेन तरी हलत होतं.
गुरुवारी ज्यूदो आहे, शनिवारी इनास.
आणि शटर आता मी रस्त्याकडे तोंड करून ओढते,
हात मागे नेऊन, आंधळ्यासारखा आकडा चाचपत.
खांदा दुखतो. वेळ लागतो.