उपाशीपोटी दोनशे बारा

आचऱ्याच्या दवाखान्यात
भिकाजी तारी रिपोर्ट उलटा धरून विचारतो,
"गोड तर मी कधीच सोडलंय.
मगे ही साखर येता खंयसून?"

मी त्याला त्याचीच खाडी सांगते.
साखर काठावर उभी, डोक्यावर बोजा.
इन्सुलिन हाक मारतं : होऽ तारीऽ!
पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन
ती हाक झेलतं,
आतल्या दुसऱ्याला सांगतं, दुसरं तिसऱ्याला,
मग आत बांधलेली होडी सुटून
काठाला लागते.
होडीही प्रथिनाचीच.

"मगे बिघाड खंय?"

हाक कमी नाही, भिकाजी,
घसा फुटेस्तोवर चाललीय.
पण पोटावरची चरबीही आपली प्रथिनं धाडते,
ती मधल्या गड्यांच्या कानाशी लागतात.
निरोप अर्ध्यात राहतो,
काठावर गर्दी वाढते.

तो गप्प.
पूल झाल्यापासून त्याची तर
चिखलात उपडी पडलीय,
आणि तो पारावर.

गोळी लिहिताना मी सहज बोलून जाते,
दंड राबला ना,
की होडी हाकेवाचूनही सुटते.

"हाकेवाचून?"
इतका वेळ दुमडलेला हात
तो सरळ करतो,
मूठ वळतो, जणू वल्ह्यावर.

"ह्या पयला सांगूचा नाय?"