मुका डब्ल्यू

जर्मन कंपनीच्या सूचनांचं मराठी करायला बसले होते,
वागळे इस्टेट, रोड नंबर बावीस, पोटमाळ्यावर.
खाली मशीन तार गिळत होतं
आणि चहाच्या कपात
दर ठोक्याला एक बारीक गोल उमटत होता.

पहिल्याच पानावर लाल अक्षरांत:
स्पायरल आणि हेलिक्स एक नव्हेत, कृपया.
कोशात दोघांपुढे एकच शब्द, सर्पिल,
जणू साप अंगणात बसलाय की झाडावर चढतोय
याच्याशी आपल्याला कधी घेणंच नव्हतं.

घागमामांना विचारलं. रघुवीर घाग, खेडचे,
एकतीस वर्षं वाइंडिंगला, दिवाळीत रिटायर झाले,
तरी डबा घेऊन येतात.
त्यांनी तारेचा तुकडा फरशीवर वळवत नेला
आतून बाहेर, दर फेऱ्याला थोडा ऐसपैस.
‘ही चकली.’
दुसरा गुंडाळला पेन्सिलीभोवती.
‘हा जिना. फेरा तेवढाच, पण वर जातो.
चकलीवरनं कुणी माळ्यावर गेलंय?’

मी तसंच लिहिलं. चकली. जिना.
मालक म्हणाले, ऑडिटर हसेल.
त्याला मराठी कुठे येतंय.

कॉइल म्हणजे वेटोळं, सोपं निघालं.
ट्विस्टपुढे पीळ लिहिलं आणि पेन अडलं,
कारण आपला पीळ एका जागी राहत नाही.
मिशीला असतो,
दोघींनी टोकं धरलेल्या ओल्या चादरीला असतो,
दुपारचा डबा विसरला की आतड्याला पडतो,
आणि सुंभ जळून गेल्यावर राखेतही तसाच.
ते लोक गोष्टीत ट्विस्ट घालतात.
आपण ऐकणाऱ्यालाच पिळतो.

डिक्शनरीच्या शेवटच्या पानांत मग
एक अख्खं घराणं सापडलं.
रिंग, अंगठीची नव्हे, कपडे पिळण्याची.
रेंच, म्हणजे मुरगळणं, आणि आपला पानाही तोच.
रिस्ट. रिंकल.
प्रत्येकाच्या दारात एक डब्ल्यू उभा,
तोंडातून शब्द न काढणारा,
पगारवाढीच्या दिवशी केबिनबाहेर मामा उभे राहायचे तसा.
राँगसुद्धा ह्यांच्यातलाच.
चूक म्हणजे मुळात नुसतं वाकडं.
हे फार बारीक टाइपात होतं.

गुरुवारी किसननगरला गेलो,
त्यांचा हयातीचा दाखला काढायला.
काचेवर बोट. लाल दिवा.
अंगठा. लाल.
डावा हात, पुसून, पुन्हा पुसून.
‘काका, रेषाच नाहीत तुमच्या बोटांना,’ पोरगा म्हणाला.

व्होर्ल, मला आठवलं.
शंखाचा वेढा, टाळूवरचा भोवरा, बोटावरचं चक्र,
आणि त्याही आधी चातीची चकती,
सूत कातताना गरगरणारी.
मामांच्या आईने मोजली होती: दहा बोटांत नऊ चक्रं,
पोरगा राज्य करणार.
नऊच्या नऊ तारेने नेली,
सोफ्यांत, बॉलपेनांत,
कुणाकुणाच्या कुलपांत.

स्क्रीनवर इंग्रजीत आलं, राँग फिंगर.
‘काय म्हणतंय गो?’
‘वाकडं म्हणतंय.’
‘मग बरोबर हाय. सरळ बोटानं तूप निघालंय कधी?’
आणि एकटेच हसले, खोकला येईपर्यंत.

शेवटी डोळ्यावर भागलं.
मिटू नका, मिटू नका, मामा. हिरवा.

यादीत आता टेंड्रिल तेवढा उरलाय.
खाली कुंपणावर कारल्याच्या वेलाने
एक रिजेक्ट स्प्रिंग धरून ठेवलीय.
मामा चष्मा वर करून बघतात:
तणावा निम्म्यापर्यंत उजवा पिळलेला,
मध्ये जरासा सरळ,
पुढे डावा.
‘दोन्ही टोकं बांधलेली ना,’ ते म्हणतात,
‘मग असंच करावं लागतं.
आपल्या मशीनवर हे नाय व्हायचं.’

मी रकाना तसाच ठेवलाय.