तुही आज नाही

शुक्रवारी पॅसेंजर फाटकावरून गेली
की मी पिशवी झटकते.
भुसावळच्या मासळीबाजारात ठगूबाई भोईण
गोणपाट ओलं करून बसलेली असते,
समोर तापी थोडीथोडी मांडून.

पहिल्या वर्षी ती हसायची.
'काय व माय, मासा घेते का जावई पाहते?'
कारण मी नख उलटं फिरवायचे,
शेपटीकडून डोक्याकडे.
एक खवलं सुटून बोटावर यायला हवं,
खाली कातडी शाबूत.
मग पर उघडून बघायचे, एकेक.
कापलेला तुकडा नको, कितीही ताजा असो:
कातडी उतरली की मासा
आपलं नाव सांगत नाही.

रोहू चालतो. कटला चालतो.
मरळ सापासारखा दिसतो, पण चालतो,
हे तिला पटायला एक पावसाळा गेला.
वाम नाही. मिशाळ शिंगाडा तर नाहीच.
'डुकराचं समजलं माले,
पन वामनं तुमच्या देवाचं काय केलं?'
मला उत्तर येत नव्हतं.
सासूलाही येत नसणार. तिनं फक्त
नख कसं फिरवायचं ते दाखवलं होतं,
रेवदंड्याच्या ओट्यावर, न बोलता.

लोको शेडच्या चाळीत तेव्हा आमची सात घरं.
आता एक.
वाक्रूळकरांची सिल्लू अश्दोदहून लिहिते:
इथे मासा डब्यात येतो गं, वर शिक्का असतो,
काही बघावं लागत नाही.
पत्राला अजून मासळीचा वास आहे,
माझ्याच हातांचा.

या शुक्रवारी हतनूरचे दरवाजे उघडलेले,
पाणी गढूळ, पाटीत नुसत्या मिशा.
एका कोपऱ्यात चार तुकडे
पांढरेशुभ्र, अगदी रोहूसारखे.
घरी पाहुणे यायचे होते. मी बोट केलं.
ठगूबाईनं त्यांच्यावर फडकं ओढलं.
'तुही आज नाही. जाय घरी.'
तिची बोहनीसुद्धा व्हायची होती.

वाटेत हिरवी वांगी घेतली,
कपाशीच्या काड्यांवर भाजली.
सांजेला शब्बाथचे दिवे लावताना
मनगटावर काही चमकलं:
खवलं, पिशवीतलं,
गेल्या कुठल्या शुक्रवारचं कोण जाणे.
सवयीनं नख लावलं, उलटं.
सुटलं.
खाली कातडी शाबूत.