नारिंगी बाटली

हाल्व्हर्टनमध्ये ऑक्टोबर म्हणजे
ट्रकच्या वळणावर सांडलेले शुगर बीट,
मातकट, घरंगळत घरंगळत गटाराशी थांबलेले,
आणि सराव सुरू व्हायला उरलेले चार दिवस.
मागच्या हंगामात आम्ही जिंकलो पाच, हरलो एकवीस.

व्हर्लिन हॉगस्टाड सरांच्या स्वयंपाकघरात
टेबलावर संघ मांडलेला होता.
मीठ म्हणजे होदान. मिरपूड इत्झेल.
केचप टायोना, मोहरीची बाटली ब्रेका,
आणि मारिटसाठी काही उरलंच नाही म्हणून
आर्लिसबाईंच्या गोळ्यांची नारिंगी बाटली,
पांढऱ्या टोपणाची.
साखरेचं भांडं म्हणजे बास्केट.

मी सहायक प्रशिक्षक, वय सव्वीस,
गुडघ्याला बाशिंग बांधूनच आलेले.
म्हटलं, सर, पळू या.
रिबाउंड हाती आला की सात सेकंदांत शॉट,
समोरच्यांना श्वास घेऊ द्यायचा नाही.
होदानला वळताना पाहिलंय का तुम्ही?
तिच्यावर नेमलेली मुलगी
अजून जुन्याच दिशेला जात असते.

सरांनी मीठ उचललं, केचपच्या मागून फिरवलं,
परत होतं तिथे ठेवलं.
त्यांचा चाळीस वर्षांचा खेळ:
चेंडू पाच हातांतून जाणार, मग पुन्हा पाच,
घड्याळ संपत आलं की नाइलाजानं शॉट.
"घाई ही पैसेवाल्यांची चैन," ते म्हणाले,
"त्यांच्या बाकावर दहा जणी असतात.
आपल्याकडे एकूण आठ,
त्यातली एक साखर कारखान्यात रात्रपाळी करते."

त्यांचं खरं होतं.
माझंही खरं होतं.
आणि मारिट ओस्त्बी सहा फूट तीन इंच होती,
तिच्या गुडघ्याला बाशिंग नव्हे, पट्टा.
पळायचं तर चौघी पुढे, ती अर्ध्या वाटेत.
थांबायचं तर ती बास्केटखाली, दोघी तिच्या अंगावर लोंबकळलेल्या.
बाटली मी टेबलाच्या कडेला सरकवली.
सरांनी आत घेतली.
मी कडेला.
ते आत.

आर्लिसबाई भांडी पुसत होत्या.
झटका येऊन गेल्यापासून
त्या शब्द काटकसरीनं वापरतात.
फडकं खांद्यावर टाकून आल्या,
आपली बाटली उचलली
(मला वाटलं, गोळीची वेळ झाली)
आणि ठेवली फ्री थ्रोच्या रेषेवर,
लेबल आमच्याकडे, पाठ बास्केटला.
मग एका अंगानं मीठ मागे निसटवलं,
दुसऱ्या अंगानं मिरपूड.
साखरेच्या भांड्यापाशी आता कुणीच नाही,
नुसता ब्रेडचा चुरा.

"ती पळत नाही," बाई म्हणाल्या.
फ्रिज घरघरायला लागला, घरघरून थांबला,
तेव्हा कुठे पुढचा शब्द आला.
"बघते."

"मग ह्यात माझं काय राहिलं?"
सरांनी विचारलं, जरा चिडूनच.
मीही तेच विचारणार होते.

पहिला सामना आम्ही अकरा गुणांनी हरलो.
मारिटचे नऊ पास कुणाच्याच हातात बसले नाहीत,
एक तर थेट इत्झेलच्या कानावर.
पण तिसऱ्या सत्रात एकदा
होदान पाठीमागून निसटली, आणि तिथे
चेंडू तिच्या आधी येऊन थांबल्यासारखा.
दोनच गुण.
सरांनी माझ्याकडे बघितलं नाही,
फक्त तोंडातलं च्युइंग गम चघळायचं राहून गेलं.

परतीच्या बसमध्ये काचांवर बर्फ साचलेलं,
मागे मारिट दोन सीटवर पाय पसरून झोपलेली.
किल्ली शोधायला मी कोटाच्या खिशात हात घातला.
मिरपुडीची बाटली.
म्हणजे चार आठवडे हॉगस्टाडांकडे
अंडी बेचवच खाल्ली असणार,
आणि दोघांपैकी कुणी
एका शब्दानं विचारलं नव्हतं.