मिल्वी आरवली

बस डेपोतून निवृत्त झाले, त्याच मे महिन्यात
पाच पिल्लं आणली टीव्हीच्या जुन्या खोक्यातून.
विकणारा म्हणाला, पाचही माद्या. शंभर टक्के.
सत्तावीस वर्षं मी वोरूच्या बसगाड्यांची वेळापत्रकं लावली,
शंभर टक्क्यांवर माझा विश्वास होता.

नावं ठेवली कंट्रोल रूममधल्या बायकांची:
हेल्यो, तीऊ, लाइने, ऊर्वे,
आणि मिल्वी, जिचं टेबल माझ्या टेबलाला चिकटून असायचं,
जी आता तार्तूला लेकीकडे राहते, खुब्याचं ऑपरेशन करून.
दर रविवारी फोन करते:
"मी कशी आहे? खातेय ना नीट?"

पहिल्या रात्री दिव्याखाली पिल्लं पडलेली
पाय ताणून, माना टाकून.
मला वाटलं, गेली सगळी.
चमच्याने ढोसलं, तशी उठली,
आणि माझ्यावर खेकसली, बोटाएवढ्या देहांनी.
झोपली होती फक्त.
पिल्लं अशी झोपतात हे कुणी सांगितलं नव्हतं.
कोंबड्या मातीत लोळून आंघोळ करतात, हेही नाही.
मी वेडी, कोमट पाण्याचं घमेलं घेऊन उभी.

कुंपणापलीकडून काउपो सगळं बघायचा.
सफरचंदाखाली सिगारेट. शब्द नाही.
एकदाच म्हणाला, "ही जाळी म्हणजे कोल्ह्याला दार आहे."
दुसऱ्या दिवशी जाळीच्या बुडाशी दगड रचलेले,
विचारलं, तर म्हणे, "कुठले दगड?"

जुलैत मिल्वीचा तुरा लाल झाला, सगळ्यांच्या आधी.
मला कौतुक. मिल्वी होतीच तशी पुढे पुढे,
पगारवाढीतसुद्धा.
शेपटीत हिरवट काळी पिसं आली, कोयत्यासारखी वाकलेली.
म्हटलं, जातीचा गुण असेल.
कळत होतं का मला? असावं.
वळत नव्हतं.

मग एका पहाटे खुराड्यातून आवाज आला
गंजक्या बिजागरीसारखा, अर्ध्यावर तुटलेला.
पुन्हा आला.
मग पूर्ण.

रविवारी फोन. "मी कशी आहे?"
काय सांगणार? म्हटलं, "मिल्वी, तू आरवलीस."
पलीकडे काहीच नाही.
मग ती हसायला लागली.
खुबा दुखतोय म्हणाली, हसत राहिली,
मागून तिची लेक विचारतेय, काय झालं, आई, काय झालं.

आमच्या गल्लीत कोंबडा ठेवायचा तर शेजाऱ्याची सही लागते.
अर्ज लिहिला, दोन प्रतींत, सवयीने.
काउपोने चश्मा लावून शेवटपर्यंत वाचला,
परत दिला. "हिवाळ्यात बघू."

हिवाळा आला. लाइनेने अंडी बंद केली,
मग सगळ्यांनीच, जणू युनियनचा ठराव.
पाणी गोठतं. सहा दहा, एक चाळीस, पाच पाच:
किटली घेऊन माझ्या तीन फेऱ्या, एकही रद्द नाही.

म्हणतात, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.
इथे डिसेंबरात या एकदा.
मिल्वी चारला घसा फोडते,
आणि उजाडतं नऊला.
पाच तास तो खोटं बोलत असतो, मनापासून.
मी खुराड्यावर सैन्यातलं जुनं ब्लँकेट टाकलं, दुहेरी,
काउपोला झोप मिळावी म्हणून.

तिसऱ्या दिवशी तो दारात.
"ते ब्लँकेट काढ."
"त्रास नाही होत?"
"चारला जागाच असतो मी," म्हणाला,
आणि टोपीवरचा बर्फ झटकत राहिला
बर्फ नसतानाही.

अर्ज अजून फ्रिजवर आहे, सहीची जागा कोरी.
आज किटली घेऊन गेले तर ताज्या हिमात दोन माग:
कोल्ह्याचा, दगडांपर्यंत येऊन वळलेला,
आणि बुटांचा, पलीकडच्या बाजूने,
कुंपणाशी आलेला,
जिथे कुणीतरी बराच वेळ
या पायावरून त्या पायावर उभं होतं.